फॅन लावलात तर टेपची खूण पण करा

एप्रिल-मेमध्ये पणजीत रीफ टँकचं (कोरल म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं) पाणी बघता बघता ३० डिग्रीवर जातं आणि कोरल मलूल पडतात, चिलर (पाणी थंड करायचं मशीन) तर खिशाला परवडत नाही.

१. कंप्युटरचा १२ व्होल्टचा छोटा फॅन पाण्यावर तिरका लावा, एक-दोन डिग्री तरी उतरतात, हवा दमट असली तर कमीच.
२. फॅनने पाणी वाफ होऊन भराभर उडतं पण मीठ आतच राहतं, म्हणून संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) पंपाच्या कप्प्यावर इलेक्ट्रिकची टेप चिकटवून लेव्हलची खूण करा आणि रोज सकाळी तिथपर्यंत साधं आरओचं पाणी घाला, मी चहा उकळेपर्यंत उरकतो.

समुद्र जवळ आहे म्हणून मिरामारचं पाणी ओतू नका हां, खारटपणा (विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) नेहमीच्या १.०२५ च्या वर चढत जाईल.