तारीख पंचांगात मागून, आधी रोस्टरमध्ये बघा

रेसिडेंट डॉक्टरच्या, म्हणजे इस्पितळात काम करत एमडी-एमएस शिकणाऱ्याच्या, लग्नाचा मुहूर्त युनिटचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, काढतं. एमडी-एमएसच्या तीन वर्षांपैकी पहिलं सोडून द्या; जेआर-१ (पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) हळदीला बसला तरी वॉर्डातून फोन येतोच. तिसऱ्या वर्षी परीक्षा, आणि थिसिस तिच्या सहा महिने आधी जमा करायचा. उरतं दुसरं वर्ष, तेही नवे जेआर-१ रुळल्यावर. नीट-पीजी या प्रवेश परीक्षेनंतरचं काउन्सेलिंग (जागावाटप) लांबलं की नवी बॅच उशिरा येते, तोवर वॉर्ड तुमच्याच गळ्यात. म्हणून हॉलची अनामत भरण्याआधी नवी बॅच कधी येतेय ते विचारा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत. हळद, लग्न, सत्यनारायण, जेजुरी-तुळजापूर यातच सहा-सात जातात. युनिट हेडनी तोंडी ‘हो’ म्हटलं म्हणजे रजा मिळाली असं समजू नका. लेखी अर्जावर सही घ्या, आणि तुमची इमर्जन्सी (तातडीच्या रुग्णांची रात्रीसकटची ड्यूटी) कोणता को-रेसिडेंट घेणार ते अर्जातच लिहा. त्याने तुमच्यासाठी घेतलेल्या इमर्जन्सी परत फेडाव्या लागतात. फिरून आल्या आल्या लागोपाठ दोन फेडायला मात्र तयार होऊ नका.

खरी भांडणं पुढे होतात, आणि ती बहुतेक वेळेवरूनच, विशेषतः जोडीदार वैद्यकीय क्षेत्रातला नसेल तर. मंगळवारी सकाळी आठला सुरू झालेली इमर्जन्सी बुधवारच्या राउंडनंतर, डिस्चार्ज कार्डं लिहून संध्याकाळी सातला सुटते. सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९९२ पासून कागदावर आहे. तिच्या भरवशावर घरात बेत आखू नका. पोस्ट-इमर्जन्सीच्या, म्हणजे ती ड्यूटी सुटल्याच्या, संध्याकाळी आंघोळ, वरण-भात आणि झोप, एवढंच. त्या दिवशी पाहुणे नकोत, पैशांचे विषय नकोत, गाडी चालवणं तर नकोच. ‘आठपर्यंत येतो’ असं सांगण्यापेक्षा ‘निघालो की फोन करतो’ म्हणा. महिन्याचं रोस्टर फ्रीजवर चिकटवा आणि पोस्ट-इमर्जन्सीचे दिवस लाल पेनने खुणा करा. सासू-सासऱ्यांना ते लग्नाआधीच दाखवलेलं बरं. ‘रविवारी सुट्टी’ म्हणजे सकाळचा राउंड उरकून अकरानंतरची सुट्टी, हेही तेव्हाच सांगा.

दोघंही रेसिडेंट असाल तर मूल होईपर्यंत इमर्जन्सी एकाच दिवशी येतील असं बघा, नाहीतर आठवडाभर फक्त एकमेकांचे डबे दिसतात. मूल झाल्यावर उलट करा: वेगवेगळे दिवस, म्हणजे रात्री कुणीतरी घरी असतं. सरकारी कॉलेजातून शिकलात तर एमडीनंतरचं बॉण्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत जाऊ शकतं. भाड्याचं घर घेताना ते लक्षात ठेवा.

नाव बदलायची घाई नको. डिग्री, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट, पॅन या सगळ्यांवर एकच नाव लागतं. एक बदललं की राजपत्रापासून सगळी रांग लावावी लागते. माहेरचं नाव ठेवलेलं सर्वांत सोपं. विवाह नोंदणी मात्र लगेच करा. विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात, तेव्हा सुट्टीचं गणित तसं मांडा.

बाळंतपणाची रजा मिळते, पण शिक्षणाचा कालावधी तेवढा पुढे सरकतो आणि परीक्षा आपल्या बॅचबरोबर देता येईलच असं नाही. हे गृहीत धरूनच ठरवा. रेडिओलॉजी, कॅथ लॅब (अँजिओग्राफीची खोली) किंवा सी-आर्म (एक्स-रे यंत्र) असलेल्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम असेल तर दिवस गेल्याचं विभागाला लगेच कळवा. तिसऱ्या महिन्यापर्यंत गुपित ठेवायची पद्धत इथे चालत नाही. कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला किरणांचा १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाता कामा नये, आणि तो मोजणारा टीएलडी बॅज घरी विसरला की मोजणारच कोण?

कामावर परतल्यावर बाळासाठी काढून ठेवलेलं आईचं दूध साध्या खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. बाटलीवर वेळ लिहा आणि ती रेसिडेंट रूमच्या फ्रीजमध्ये ठेवा. वॉर्डातल्या लसींच्या फ्रीजमध्ये नको: तिथे लसींशिवाय काही ठेवायचं नसतं, आणि सिस्टर ती बाटली बाहेर काढून ठेवतील ते बरोबरच असेल.