कॉन्टूर शिकायला बसताना आलेखवही जवळ ठेवा

ओपनसीव्ही, म्हणजे फोटोतून माहिती काढणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, शिकायला घेतलं की पहिले दोन दिवस फार छान जातात. फोटो वाचायचा, ग्रे करायचा, थ्रेशोल्ड लावायचा (ठराविक उजेडाच्या वरचं पांढरं, खालचं काळं), मग वस्तूच्या कडेची रेघ, म्हणजे कॉन्टूर, शोधणारं फाइंडकॉन्टूर्स चालवायचं. वस्तूभोवती हिरवी रेघ उमटली की जमलं असं वाटतं. पण कारखान्यात त्या हिरव्या रेघेला कोणी विचारत नाही. तिथे विचारतात तो आकडा.

माझं पहिलं काम भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी होतं. वॉशर कॅमेऱ्याखालून जाणार, बाहेरचा व्यास आणि भोक मोजायचं, कडेला बर (कापताना उरलेला धातूचा खरखरीत काठ) आली असेल तर माल बाजूला काढायचा. बर शोधण्यासाठी मी कॉन्टूरच्या प्रत्येक बिंदूपाशी ग्रे फोटोतला उजेड वाचत होतो. सराव सगळा 512 × 512 च्या फोटोवर केला होता आणि तिथे प्रोग्रॅम एकदाही अडला नव्हता. प्रत्यक्ष कॅमेरा 1280 × 1024 चा. वॉशर डावीकडे असला की सगळं सुरळीत, उजव्या टोकाला गेला की इंडेक्स एरर, म्हणजे फोटोबाहेरचा पिक्सेल मागितल्याची तक्रार.

कारण एका ओळीचं होतं. कॉन्टूरचा बिंदू येतो (एक्स, वाय) असा, आणि मी तो तसाच ग्रे[एक्स, वाय] म्हणून वाचत होतो. फोटो आकड्यांच्या तक्त्यासारखा ठेवणाऱ्या नम्पायला आधी ओळ लागते, मग स्तंभ, म्हणजे ग्रे[वाय, एक्स]. फोटोचं माप देणारं शेपसुद्धा (1024, 1280) असंच सांगतं, उंची आधी. पण वर्तुळ काढणारं सर्कल आणि रेघ काढणारं लाइन यांना एक्स आधी हवा, वस्तूभोवतीचा आयत सांगणारं बाउंडिंगरेक्टही एक्स आधी देतं, आणि रीसाइझला रुंदी आधी. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही रिवाज शेजारी नांदतात.

मला त्या एररची भीती वाटली नाही, उलट तिचे आभार मानले. भीती वाटली ती डावीकडच्या वॉशरांची. तिथे प्रोग्रॅम आठवडाभर भलत्याच पिक्सेलचा उजेड वाचून निमूटपणे निकाल देत होता. म्हणून नवीन माणसाला माझं कळकळीचं सांगणं आहे: सरावाचा फोटो चौरस घेऊ नका, त्यात दोन्ही मर्यादा सारख्या असल्याने ही अदलाबदल लपून राहते. आणि व्हेरिएबलला आय, जे अशी नावं देऊ नका. एक्स-वाय लिहा किंवा ओळ-स्तंभ लिहा.

दुसरी गोष्ट मी आलेखवहीवर शिकलो, आणि ती जास्त मोलाची आहे. 20 ओळी, 30 स्तंभांचं काळं चित्र बनवा. त्यात 10 × 10 चा पांढरा चौकोन भरा, एक्स 12 ते 21, वाय 5 ते 14. तोच चौकोन वहीत पेन्सिलीने रंगवा. वहीतही शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात धरा, वाय खाली वाढतो. आता कॉन्टूर छापा. चेन अप्रॉक्स सिंपल (सरळ रेघेची फक्त टोकं ठेवणारा पर्याय) दिलं असेल तर चारच बिंदू येतील: (12, 5), (12, 14), (21, 14), (21, 5). चेन अप्रॉक्स नन (सगळे बिंदू ठेवणारा) दिलं तर 36. मग कॉन्टूरएरिया, म्हणजे कॉन्टूरच्या आतलं क्षेत्रफळ, विचारा. उत्तर येतं 81.

पांढरे पिक्सेल तर 100 आहेत! वहीत बघितलं की उलगडा होतो. कॉन्टूरची रेघ पिक्सेलच्या बाहेरच्या कडेने जात नाही, काठावरच्या पिक्सेलांच्या मध्यातून जाते. 12 पासून 21 पर्यंत अंतर 9, म्हणून 9 × 9. बाउंडिंगरेक्ट मात्र पिक्सेल मोजतं आणि रुंदी 10 सांगतं. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे.

वॉशरमध्ये हे दुप्पट नडतं. भोकाचा कॉन्टूरही धातूच्याच पांढऱ्या पिक्सेलांवरून जातो, म्हणजे भोकाच्या किंचित बाहेरून. त्यामुळे क्षेत्रफळावरून काढलेला बाहेरचा व्यास सुमारे एक पिक्सेलने कमी येतो आणि भोकाचा तेवढाच जास्त. आमच्या मांडणीत एक पिक्सेल म्हणजे 0.05 मिमी. 24 मिमीचा वॉशर 23.95 दिसायचा, 13 चं भोक 13.05. व्हर्नियर 0.02 पर्यंत वाचतो, त्यामुळे तिथल्या तपासनिसांनी फरक लगेच दाखवला. त्यांचा व्हर्नियर खरा होता. मी आधी लेन्सला, मग दिव्याला दोष देत दोन दिवस घालवले होते.

भोक मिळवायचं तर फाइंडकॉन्टूर्सचा रेटर एक्स्टर्नल हा पर्याय चालणार नाही, तो फक्त बाहेरची कड देतो. रेटर सीकॉम्प घ्या. हायरार्कीत, म्हणजे कोणता कॉन्टूर कोणाच्या आत आहे ते सांगणाऱ्या यादीत, प्रत्येक कॉन्टूरमागे चार आकडे येतात, त्यातला शेवटचा पालकाचा. तो -1 असेल तर ती बाहेरची कड, नाहीतर भोक.

बाकी बारीकसारीक. फाइंडकॉन्टूर्स आवृत्ती 3 मध्ये तीन गोष्टी परत देतं, 4 मध्ये दोन, त्यामुळे जुना कोड चिकटवला की अडतो. वस्तू पांढरी, मागचा भाग काळा हवा. ड्रॉकॉन्टूर्सला एकच कॉन्टूर काढायला सांगतानाही तो यादीत घालून द्या, नाहीतर रेघेऐवजी सुटे ठिपके उमटतात. आणि रेघा नेहमी प्रतीवर काढा, मूळ फोटोवर नाही.

आमच्याकडे आता नवीन मुलं रुजू झाली की मी पहिल्या दिवशी कॅमेरा देत नाही. तोच 10 × 10 चा चौकोन देतो, त्याच्या मध्ये 4 × 4 चं भोक पाडायला सांगतो आणि दोन्ही क्षेत्रफळं आधी वहीत काढून मग प्रोग्रॅमशी ताडून बघायला लावतो. बाहेरचे 81 बहुतेकांना लवकर पटतात. भोकापाशी मात्र सगळे थांबतात, कारण तिथे उत्तर 16 येत नाही, 25 ही येत नाही, आणि कोपरे तिरके कापले जाताना वहीतच दिसतात.