वायफायचा पासवर्ड बदलण्याआधीची तयारी

राउटरमध्ये नवा पासवर्ड टाकून ‘सेव्ह’ दाबायला दोन मिनिटं पुरतात. पण त्याच क्षणी घरातला प्रत्येक बल्ब, प्लग, कॅमेरा, प्रिंटर आणि टीव्ही वायफायपासून तुटतो, आणि नवा पासवर्ड त्यांना आपोआप कळत नाही. त्यामुळे खरं काम सेव्ह दाबण्याआधीचं आहे. ते अर्धवट राहिलं की दोन-चार उपकरणं काही केल्या जोडली जात नाहीत, माणूस वैतागतो आणि जुनाच पासवर्ड परत टाकतो. मग ज्या कारणासाठी बदलायला घेतला होता, ते कारण तिथंच राहतं.

सगळ्यात आधी, बदलणं खरंच गरजेचं आहे का ते ठरवा. पासवर्ड नको त्या माणसापर्यंत गेलाय, फार छोटा आहे, किंवा अजून राउटरच्या स्टिकरवरचाच चालू आहे, तर बदला. फक्त राउटर नवा येणार असेल आणि पासवर्ड चांगला, घरातच राहिलेला असेल, तर नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. बहुतेक उपकरणं काही न करता परत येतील, कारण ती राउटरचा डबा ओळखत नाहीत, नाव आणि पासवर्डची जोडी ओळखतात. मात्र नाव अक्षर न् अक्षर तेच हवं, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांसकट. डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या प्रकारात नाव आणि पासवर्ड एकत्र करून, तीच प्रक्रिया ४०९६ वेळा चालवून जोडणीची गुप्त किल्ली तयार होते. त्यामुळे पासवर्ड तोच ठेवून नुसतं नाव बदललं तरी किल्ली बदलते आणि सगळी उपकरणं तुटतात.

बदलायचं ठरलं, की यादी करायला बसा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ते ब्राउझर किंवा ॲपमध्ये उघडतं) जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात काही नावं ओळखीची असतील, काही नुसतं ‘ईएसपी’ आणि पुढे आकडे-अक्षरं अशी. हे बहुधा एखाद्या बल्ब किंवा प्लगमधल्या चिपचं नाव असतं. कोणतं ते कळत नसेल तर एकेक उपकरण बंद करून यादीतून काय गायब होतं ते बघा. वजनकाटा, बॅटरीवरची दाराची घंटा, पाणी गळतीचा सेन्सर अशी उपकरणं बराच वेळ झोपलेली असतात आणि स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत. ती घरभर फिरून लिहा. झिगबीचे, म्हणजे वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीने चालणारे बल्ब मात्र मोजू नका. ते त्यांच्या हबशी, म्हणजे मधल्या जोडणीच्या डब्याशी बोलतात, म्हणून फक्त हब जोडला की पुरे. आणि हब केबलने राउटरला लावलेला असेल तर त्यालाही काही करावं लागत नाही.

प्रत्येक उपकरणापुढे तीन गोष्टी लिहा: कोणतं ॲप, ते कुणाच्या खात्यावर आहे आणि रिसेट कसं होतं. यातली खात्याची गोष्ट सगळ्यात जास्त अडवते. कॅमेरा लावला मुलाने, त्याच्या ईमेलवर, आणि तो आता दुसऱ्या गावी. त्याच्याशिवाय तो कॅमेरा परत पेअर होत नाही, म्हणजे ॲपशी जोडला जात नाही. म्हणून आधी फोन करून लॉगिन चालतंय ना याची खात्री करून घ्या. उपकरणाच्या पाठीवर सेटअप कोड छापलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. भिंतीला ठोकलेल्या वस्तूचा कोड ऐनवेळी वाचता येत नाही.

राउटरचीही कागदपत्रं हवीत. ॲडमिन पासवर्ड हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो माहीत हवा, आणि स्टिकरवरचाच असेल तर याच निमित्ताने तोही बदलावा. इंटरनेट कंपनीने युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी केली असेल तर ते लिहून घ्या. राउटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून रिसेट केलं की तेही पुसलं जातं, मग वायफाय दिसतं पण इंटरनेट नाही. सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घेण्याची सोय असेल तर तीही घ्या.

आता पासवर्ड. नियम असा, की तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक, नेहमीची चिन्हं आणि मोकळी जागा एवढंच चालतं. देवनागरी चालत नाही. कीबोर्ड मराठीवर असेल तर अंकही देवनागरी उमटू शकतात, आणि घाईत ते लक्षात येत नाही. वायफायचं नाव देवनागरीत ठेवता येतं, पण नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे सगळं धरून दहाच चिन्हं बसतात. शिवाय काही उपकरणं असं नाव नीट दाखवत नाहीत. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. त्यात आडनाव किंवा घर नंबरही नको.

लांबी हीच खरी ताकद आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये कुणी जवळ उभं राहून एखादं उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण टिपून नेली, तर पुढचे अंदाज तो स्वतःच्या संगणकावर हवे तेवढे करू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे चुकीच्या प्रयत्नांवर कुलूप लावणारं तिथं कुणी नसतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकाराने ही वाट बंद केली, पण घरातली बरीच साधी उपकरणं अजून डब्ल्यूपीए२ वरच चालतात. म्हणून आठ अक्षरांवर थांबू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत, सगळे स्मॉल, सलग लिहा. मराठी शब्द चालतील. म्हण, ओवी किंवा देवाचं नाव मात्र नको.

सगळं स्मॉल का, तर हा पासवर्ड प्रिंटरलाही टाकायचा आहे. दोन ओळींच्या त्या पडद्यावर वरच्या बाणाने एकेक अक्षर सरकवत न्यायचं, ओके दाबायचं, पुढचं अक्षर. कॅपिटल आलं की वेगळं बटण, चिन्ह आलं की तिसऱ्या पानावर शोधाशोध, आणि एक अक्षर चुकलं की बऱ्याचदा पहिल्यापासून. टीव्हीच्या रिमोटवरही जवळपास हीच गत. चिन्हांची भर घालून छोटा पासवर्ड करण्यापेक्षा लांब आणि सरळ पासवर्ड मला प्रत्येक घरात बरा वाटतो. स्मॉल एल आणि एक, ओ आणि शून्य अशा फसव्या जोड्या टाळा. शेवटी चुकून मोकळी जागा राहिली नाही ना तेही बघा; ती दिसत नाही, पण मोजली जाते.

सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र ठेवा. त्यावर एखादं जुनं उपकरण अडलंच तर नुसतं डब्ल्यूपीए२ चालेल. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. हे २०११ मध्येच उघड झालं आहे.

दिवस निवडताना सकाळ निवडा, आणि घरात कुणाची ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग नाही ना ते विचारा. घरातल्या आजारी किंवा वयस्कर माणसाची काळजी एखाद्या वायफाय उपकरणावर असेल तर ते सगळ्यात आधी जोडायचं. बदल लॅपटॉपला केबल लावून करा. वायफायवरून केला तर सेव्ह दाबताच तुम्हीच बाहेर फेकले जाता आणि बदल झाला की नाही तेच कळत नाही.

नंतर फोन जोडा. राउटरचे साधारण दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; बहुतेक बल्ब आणि प्लग फक्त २.४ वर चालतात. दोन्ही बँडचं नाव एकच असेल आणि पेअरिंग अडत असेल, तर तेवढ्यापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. फोनवरचं व्हीपीएन आणि मोबाइल डेटा बंद करा. अँड्रॉइडमध्ये लोकेशनची, आयफोनमध्ये ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी ॲपला द्या, ती नसली की उपकरण शेजारी असूनही ॲपला सापडत नाही.

उपकरण ॲपमधून डिलीट करू नका. आधी सेटिंगमध्ये वायफाय बदलायची सोय आहे का बघा. नसेल तर उपकरण रिसेट करून त्याच खात्यात पुन्हा जोडा. अशा वेळी वेळापत्रकं आणि ऑटोमेशन बहुतेक ॲपमध्ये टिकतात, डिलीट केल्यावर जातात. प्लगचं बटण काही सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो, बल्बला ठरावीक वेळा चालू-बंद करावं लागतं. नेमकं किती वेळा, ते तुमच्या यादीत लिहिलेलं असेल.

काम चालू असतानाच गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या नाव-पासवर्डचं वायफाय सुरू करा आणि पाहुण्यांना कायम तेच द्या, म्हणजे मुख्य पासवर्ड पुन्हा बदलायची वेळ सहसा येणार नाही. फक्त गेस्टवरून टीव्हीवर कास्ट करणं किंवा प्रिंट काढणं बहुधा जमत नाही, हे पाहुण्यांना सांगून ठेवा.

सगळं झाल्यावर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून कॅमेरा उघडतो का बघा. दोन दिवसांनी राउटरची यादी पुन्हा काढा आणि आधीच्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहा. जे आलं नाही ते झोपाळू उपकरण असेल, त्याला जागं करून जोडा. जे जुन्या यादीत होतं पण घरातलं कुणीच ओळखत नव्हतं आणि आता गायब आहे, ते शोधत बसू नका. त्याला बाहेर काढायलाच पासवर्ड बदलला होता.