साथीत संकेत बदलला की नुसतं वागणं? दोन देशांत मोजायचं कसं

साथ आली की लोकांचं वागणं बदलतं, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. पण वागणं बदललं म्हणजे सामाजिक संकेत, म्हणजे 'इथे असंच वागायचं असतं' ही लोकांची सामायिक समजूत, बदलला असं होत नाही. दंड बसेल म्हणून मास्क लावणारा आणि 'खोकला असला की मास्क लावायचाच असतो' म्हणून लावणारा, दोघं रस्त्यावर सारखेच दिसतात. आदेश उठला की पहिला मास्क काढतो, दुसरा नाही. देशोदेशींच्या तुलनेत बहुतेक घोळ इथेच होतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांनी दोन-तीन शहरांत अशी पाहणी करायची ठरवली, तर ती पुढीलप्रमाणे करावी.

आधी वागणूक नेमकी ठरवा

'मास्क', 'स्वच्छता', 'अंतर' हे विषय झाले. ते मोजता येत नाहीत. कोणी, कुठे, कोणासमोर, काय करायचं, हे एका वाक्यात बसलं पाहिजे. 'सर्दी-खोकला असलेल्या प्रवाशाने गर्दीच्या लोकल डब्यात मास्क लावणं' ही मोजता येण्याजोगी वागणूक आहे. तुलनेसाठी साथीशी संबंध नसलेल्याही दोन वागणुका घ्या, उदाहरणार्थ वाचनालयात मोठ्याने बोलणं. त्यांचे आकडे हलले नाहीत आणि मास्कचे हलले, तरच बदल साथीशी जोडता येतो. सगळंच एकदम हललं असेल तर बहुधा तुमची प्रश्नावली किंवा नमुना (ज्यांना विचारलं ती माणसं) बदललेला असतो.

पाच प्रश्न, वेगवेगळे

मागच्या वेळी खोकला असताना तुम्ही डब्यात मास्क लावला होता का? खोकणाऱ्याने लावावा असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? तुमच्या डब्यातल्या दहा खोकणाऱ्यांपैकी किती जण लावतात, तुमचा अंदाज काय? दहा प्रवाशांपैकी किती जण म्हणतील की लावलाच पाहिजे? आणि कोणी लावला नाही तर बाकीचे काय करतात: काहीच नाही, रोखून पाहतात, लांब सरकतात, तोंडावर बोलतात, की तक्रार करतात?

संकेत मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात सापडतो. इतर काय करतात आणि इतरांच्या मते काय करायला हवं, या दोन अपेक्षा तत्त्वज्ञ क्रिस्टिना बिक्किएरी यांनी वेगळ्या काढल्या आणि आज बहुतेक पाहण्या त्याच धर्तीवर होतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ही फक्त वैयक्तिक मतं झाली. ऐंशी टक्के लोक स्वतः 'लावावा' म्हणतात, पण दहापैकी तीनच जण तसं म्हणतील असा त्यांचा अंदाज असतो, असंही निघू शकतं. अशा ठिकाणी मत तयार आहे, संकेत अजून नाही. ही तफावत अहवालात स्वतंत्रपणे लिहा. जनजागृती कुठे करायची ते तिच्यावरूनच कळतं.

'इतर' म्हणजे कोण, हे प्रश्नातच सांगा. नुसतं 'लोक' म्हटलं की कोणी शेजारी धरतो, कोणी सगळा देश. शिवाय निम्म्या लोकांना दुसरा प्रश्न आधी विचारा आणि निम्म्यांना तिसरा-चौथा आधी, कारण स्वतःचं मत एकदा बोलून दाखवलं की माणूस तेच इतरांवर लादतो.

आधीची नोंद नसेल तर

'साथीपूर्वी तुम्हाला काय वाटायचं?' असं कधीही विचारू नका. माणूस आजचं मत मागे नेऊन ठेवतो आणि बदल पुसला जातो. त्या देशात आधी झालेली पाहणी शोधा आणि तिचे शब्द, पर्याय, क्रम जसेच्या तसे वापरा. २०२४ साली प्रसिद्ध झालेला ४३ देशांचा अभ्यास म्हणूनच मोलाचा ठरला. साथीच्या आधी आणि साथीच्या सुरुवातीच्या काळात तीस हजारांवर लोकांची उत्तरं त्यात होती. हात धुण्याचे संकेत कडक झाले, बाकीचे सुरुवातीला फारसे हलले नाहीत, असं त्यात निघालं. धोका वाढला की समाज सगळ्याच बाबतींत कडक होतो, अशी अपेक्षा होती. सुरुवातीच्या महिन्यांपुरती तरी ती खरी ठरली नाही.

किती माणसं लागतात

एका शहरात ४०० जण घेतले तर टक्केवारीत साधारण ५ अंशांची चूक धरावी लागते. पण आधी ४०० आणि नंतर वेगळे ४०० घेऊन फरक काढला, तर फरकातली चूक ७ अंशांच्या आसपास जाते. ५ अंशांचा बदल भरवशाने पकडायचा असेल, तर प्रत्येक फेरीत १,६०० च्या आसपास लोक लागतात. तेवढे जमत नसतील तर त्याच माणसांना पुन्हा विचारा. मग कमी माणसांत भागतं, पण गळती होते आणि गळणारे लोक बहुधा वेगळ्या मताचे असतात. म्हणून गळालेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं उरलेल्यांच्या उत्तरांशी ताडून पाहा.

ऑनलाइन फॉर्मने भारतात शहरी, शिकलेला माणूसच हाती लागतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळातले सभासद सहज मिळतात, पण त्यांच्यावरून इंग्लंडचा संकेत काढता येत नाही. मंडळातल्या लोकांचा अभ्यास म्हणून तो वेगळा करावा, आणि तो करण्यासारखा आहे.

कायद्याच्या तारखा कॅलेंडरवर लावा

इंग्लंडमध्ये सार्वजनिक वाहनांत तोंड झाकणं १५ जून २०२० पासून सक्तीचं झालं आणि १९ जुलै २०२१ ला बहुतेक कायदेशीर सक्ती उठली. पुढे ३० नोव्हेंबर २०२१ पासून ती काही काळ परतली. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, मास्क ऐच्छिक झाला. जपानमध्ये सर्वसामान्यांवर कायद्याची सक्ती नव्हतीच. सरकारची सूचना होती आणि १३ मार्च २०२३ पासून निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोपवला गेला, तरी त्यानंतरही पुष्कळ जण मास्क लावून फिरत होते.

सक्ती उठण्याची तारीख ही मोजणीची सर्वांत चांगली संधी असते. दोन आठवडे आधी, दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी अशा तीन फेऱ्या घ्या. तिसऱ्या फेरीत जे टिकून आहे, त्यालाच संकेत म्हणा. ऋतूही सांभाळा. जपानमध्ये वसंत ऋतूत 'सुगी' नावाच्या जपानी देवदाराच्या परागकणांमुळे लाखो लोक मास्क लावतात. तिथे नोव्हेंबरची मार्चशी तुलना केली, तर तुम्ही परागज्वर मोजाल.

सांगणं आणि करणं ताडून पाहा

हात धुण्याबद्दल लोक वाढवून सांगतात, म्हणून प्रत्यक्ष मोजणी जोडा. मास्कसाठी स्थानकाच्या एकाच दारापाशी उभं राहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अर्धा-अर्धा तास, दर पाचवा माणूस. नोंद तीन प्रकारची: नाक-तोंड झाकलेलं, नाक उघडं किंवा मास्क हनुवटीवर, मास्क नाही. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न पाहता नोंदवायचं. वर्गवारी वारंवार जुळत नसेल तर हनुवटीच्या बाबतीत व्याख्या पक्की झालेली नाही. थांबून ती दुरुस्त करा आणि त्या दिवसाची नोंद बाद करा. चेहऱ्यांचे फोटो काढू नका.

घरात बसून निरीक्षण केल्याने मात्र वागणंच बदलतं. बांगलादेशात संशोधकांनी साबणाच्या वडीत हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, तेव्हा निरीक्षक घरात असलेल्या दिवशी साबण जास्त वापरला जातो, असं दिसलं. म्हणून घरातल्या निरीक्षणाचे आकडे सवयीचे आकडे म्हणून देऊ नयेत.

तुलना मांडताना

देशांची तुलना करताना नमुना माणसांचा नसतो, देशांचा असतो. पाच देशांतल्या दहा हजार लोकांना विचारलं, तरी देशांविषयी बोलायला तुमच्याकडे पाचच बिंदू आहेत, आणि पाच बिंदूंवरून 'कडक संस्कृतीत संकेत लवकर बदलतो' असं म्हणता येत नाही. काही समाजांत लोक टोकाचे पर्याय टाळतात, म्हणून कच्चे गुण शेजारी-शेजारी ठेवू नका. प्रत्येक देशात साथीशी संबंध नसलेल्या वागणुकींच्या मानाने मास्कचा आकडा किती वर किंवा खाली आहे, ते मांडा. भाषांतर एकाने करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावं. मग प्रत्येक भाषेत आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवून 'तुम्हाला काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणा. ज्या प्रश्नावर दोघं-तिघं वेगळंच सांगतात, तो सगळ्या भाषांतून बदलायचा, फक्त त्या एका भाषेतून नव्हे.