बंद पडलेल्या खाणीत पाऊल टाकण्यापूर्वी

बंद खाण पाहायचीच असेल, तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्या खाणीचा नकाशा जाणणाऱ्या अनुभवी व्यक्तीबरोबरच जावे. छत कोसळण्याची भीती सर्वांनाच वाटते, परंतु न दिसणारी दूषित हवा तितकीच घातक असते. सामान्य हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. वायुवीजन थांबलेल्या बोगद्यात मात्र कुजणारे लाकूड आणि हवेच्या संपर्कात आलेली खनिजे तो शोषून घेतात, आणि हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेले की धोक्याची जाणीव होण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. कोळशाच्या खाणीत हवेतील मिथेन ५ ते १५ टक्के असल्यास एक ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून वायुमापक यंत्राशिवाय आत जाऊच नये, हे माझे ठाम मत आहे.

शिरस्त्राण आणि प्रत्येकाकडे किमान तीन स्वतंत्र दिवे असावेत. साचलेल्या पाण्यात किंवा जुन्या फळ्यांवर पाय ठेवू नये, कारण त्यांखाली खोल उभी विहीर असू शकते. परतण्याची वेळ बाहेरच्या व्यक्तीला सांगून ठेवावी. सोबती आत अचानक कोसळला, तर त्याच्यामागे धावू नये; ताबडतोब बाहेर पडून श्वसनसंच असलेल्या बचाव पथकाला बोलवावे.