एचडी चित्रासाठी टीव्हीचा पडदा कसा पारखावा: पिक्चर ट्यूबपासून ओएलईडीपर्यंत

दुकानात टीव्ही निवडताना बहुतेकांची नजर आधी खोक्यावरच्या इंचांकडे आणि ‘फोर के’, ‘क्यूएलईडी’ अशा अक्षरांकडे जाते. त्यातून पडद्यावर किती ठिपके आहेत एवढे कळते, पण अंधारातले दृश्य खरोखर अंधारे दिसेल का आणि धावणाऱ्या गोलंदाजाचा चेहरा स्पष्ट राहील का, हे कळत नाही. या दोन बाबतींत प्रत्येक नवे तंत्रज्ञान जुन्यापेक्षा सरस ठरलेच असे नाही. म्हणून तुलना करताना नवे काय मिळाले याबरोबरच जुन्यातले काय गेले हेही पाहावे लागते.

त्याआधी घरात येणारा सिग्नल तपासावा. आपल्याकडचे ॲनालॉग प्रक्षेपण पाल पद्धतीचे होते. त्यात ६२५ रेषा असत आणि प्रत्यक्ष चित्र त्यांपैकी ५७६ रेषांचे असे. सेट टॉप बॉक्सवर दिसणाऱ्या साध्या वाहिन्या अजूनही त्याच ५७६ रेषांच्या आहेत, तर एचडी वाहिन्या सहसा १०८० रेषांच्या असतात. बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीने जोडलेला असेल, तर एचडी पॅकचे पैसे भरूनही पडद्यापर्यंत साधेच चित्र पोहोचते. एचडीएमआय केबल लावावी, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडले आहे याची खात्री करावी आणि मग एकच वाहिनी आधी साध्या व नंतर एचडी क्रमांकावर लावून पाहावी. बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांच्या कडांमध्ये फरक दिसला नाही, तर आधी जोडणी दुरुस्त करावी; टीव्ही बदलण्याचा विचार त्यानंतर.

त्यानंतर पडद्याचे ठिपके. ‘एचडी रेडी’ म्हणून विकले जाणारे ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात, म्हणजे १०८० रेषांचे चित्र त्यांत जसेच्या तसे मावत नाही. ते आकसून बसवावे लागते आणि बारकावा हरवतो. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० आणि फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०. मात्र सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला फुल एचडीचा सगळा बारकावा दिसण्यासाठी ४३ इंची पडद्यापासून साधारण साडेपाच फुटांवर आणि ५५ इंची पडद्यापासून सुमारे सात फुटांवर बसावे लागते. त्याहून लांब बसल्यास फोर केचे जादा ठिपके डोळ्यांना वेगळे करता येत नाहीत. हॉलमध्ये सोफा भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर असेल, तर ४३ इंची टीव्हीत फोर केसाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या पॅनेलवर खर्च करणे मला योग्य वाटते.

आता जुन्या पिक्चर ट्यूबचा विचार करू. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत आतल्या लेपावर आदळतो, तिथे क्षणभर प्रकाश उमटतो आणि लगेच विझतो. झोत जिथे पडत नाही तिथे अंधारच राहतो, म्हणून त्या टीव्हीवरचा काळा रंग मंद उजेडाच्या खोलीत गडद दिसे. शिवाय प्रत्येक ठिपका क्षणार्धात विझत असल्यामुळे वेगाने जाणारा चेंडू मागे फराटा सोडत नसे. पण आपल्याकडे घरोघरी असलेले डबा टीव्ही त्या ५७६ रेषांसाठी आणि चारास तीन आकारासाठी बनलेले होते, त्यामुळे एचडी पाहण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट पाहायच्या असतील, तर मात्र चालू स्थितीतला असा टीव्ही जपून ठेवावा. ते चित्र मोठ्या सपाट पडद्यावर ताणले की फार विस्कटलेले दिसते.

प्लाझ्माचा पहिला पडदा १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. त्यात प्रत्येक ठिपक्याच्या कप्प्यातला वायू विजेने चेतवला जातो आणि ठिपका स्वतः उजळतो. काळा रंग आणि हालचाल या दोन्हींत प्लाझ्मा त्या काळच्या एलसीडीपेक्षा निर्विवाद चांगला होता. तरी तो वीज जास्त खात असे, तापत असे आणि उजेडाच्या खोलीत फिका पडे. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सेकंडहँड प्लाझ्मा स्वस्तात मिळाला तरी आज घेऊ नये: सुटे भाग मिळणे कठीण आहे आणि ४२ इंची कित्येक मॉडेलांचे पॅनेल अवघे १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे होते.

सर्वांत जास्त गोंधळ एलसीडीबाबत होतो. बाजारात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून मिळतो तो एलसीडीच आहे. आधी त्याच्या मागे फ्लुरोसंट नळ्या असत, आता एलईडी दिवे असतात, एवढाच फरक. ‘क्यूएलईडी’ हाही एलसीडीच असतो, फक्त त्यात रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर जोडलेला असतो. या सगळ्यांत मागचा दिवा सतत जळतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांप्रमाणे प्रकाश अडवतात. झडप पूर्ण बंद होत नाही, म्हणून काळ्याच्या जागी करडी छटा येते. ही गळती किती, हे पॅनेलच्या प्रकारावर ठरते: आयपीएस पॅनेलवर पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर साधारण हजारास एक असते, तर व्हीए पॅनेलवर ते तीन हजार किंवा त्याहून जास्त असते. उलट आयपीएस बाजूने बसणाऱ्यालाही नीट दिसते आणि व्हीए बाजूने पाहिल्यास फिके पडते. घरातले सगळे समोर बसत असतील तर व्हीए, कोपऱ्यांत विखुरून बसत असतील तर आयपीएस घ्यावे. मिनी एलईडीत मागचे दिवे शेकडो गटांत विभागून स्वतंत्रपणे मंद केले जातात, त्यामुळे काळा रंग बराच सुधारतो, पण काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती कधी कधी धूसर वलय दिसते.

ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही, त्यामुळे पिक्चर ट्यूब आणि प्लाझ्माबरोबर गेलेला खरा काळा रंग इथे परत मिळतो. कोडॅकमधील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये या तंत्राचा पाया घातला, आणि २००७ मध्ये सोनीने अवघा ११ इंची टीव्ही विक्रीला आणला. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याला मी निःशंकपणे ओएलईडीच सुचवेन. पण ज्या घरात दिवसभर बातम्यांची एकच वाहिनी लागलेली असते, तिथे तो घेऊ नये: वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी एकाच जागी महिनोन्महिने राहिली, तर तिथल्या ठिपक्यांची झीज होऊन कायमचा ठसा उमटू शकतो. दुपारी भरपूर ऊन येणाऱ्या हॉलमध्येही मिनी एलईडीची प्रखरता जास्त उपयोगी पडते.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर फुल एचडीतल्या दोन चित्रफिती न्याव्यात, एक रात्रीच्या दृश्याची आणि एक क्रिकेट सामन्याची. दुकानातले टीव्ही भडक ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर ठेवलेले असतात. विक्रेत्याला सांगून ते ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणावेत आणि मगच दोन पडदे शेजारी ठेवून पाहावेत. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का, पडद्याच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का, हे बघावे. क्रिकेटमध्ये कॅमेरा मैदानावरून सरकत असताना हिरवळीकडे लक्ष ठेवावे. पॅनेल असमान असेल तर तिथे मळकट उभे पट्टे स्थिर राहून हिरवळ त्यांच्यामागून सरकताना दिसते. हा दोष सेटिंग बदलून जात नाही. एलसीडी आणि ओएलईडी दोन्ही पुढची चौकट येईपर्यंत आधीचे चित्र पडद्यावर धरून ठेवतात, म्हणून हालचालीत थोडी धूसरता राहतेच. १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारे पॅनेल ती कमी करते, मात्र खोक्यावर पॅनेलचा खरा वेग लिहिलेला आहे की जाहिरातीसाठी वाढवलेला आकडा, हे विचारून घ्यावे. ‘एचडीआर’ (उजळ आणि अंधाऱ्या भागांतला जास्त फरक दाखवणारे चित्र) या शिक्क्याचेही तसेच: जेमतेम तीनशे निट्सचा (निट हे प्रखरतेचे माप) पडदा एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, पण त्यातली चमक दाखवू शकत नाही.

टीव्ही घरी आल्यावर चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ वर ठेवावा. पिक्चर ट्यूबच्या काळापासून चित्राच्या कडा थोड्या कापण्याची पद्धत आहे आणि अनेक टीव्ही अजूनही ती पाळतात. त्यामुळे १०८० रेषांचे चित्र विनाकारण फुगवले जाते आणि मऊ पडते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय क्रिकेटसाठी हवी तर चालू ठेवावी, चित्रपट पाहताना मात्र ती बंद करावी, कारण सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रणात ती मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते आणि सिनेमाला मालिकेसारखे रूप येते.