चॅनेल मोजले म्हणजे लेआउट कळला असं नाही: ऑडिओचा एपीआय लिहिताना या चुका टाळा

सिनेमातला संवाद मधल्या स्पीकरऐवजी डावीकडून येतोय. डावीकडचं संगीत उजवीकडे गेलंय आणि सबवूफर मधूनच काहीतरी पुटपुटतोय. फाइल तपासली, ठीक. डीकोडर ठीक, साउंडकार्डही ठीक. या तक्रारीमागे माझे दोन दिवस गेले.

घोळ क्रमाचा होता. एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये ५.१ चे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) चॅनेल मध्य, डावा, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड आणि एलएफई (सबवूफरचा खोल आवाजाचा चॅनेल) असे येतात. वेव्ह (WAV) फॉरमॅटला ते डावा, उजवा, मध्य, एलएफई आणि मग दोन्ही सराउंड असे लागतात. डीकोडरने आपल्या क्रमाने दिले, आम्ही तसेच पुढे ढकलले. डाव्या सराउंडचा आवाज थेट सबवूफरला जात होता, पुटपुटणं त्याचंच. आमच्या फंक्शनला लेआउट (कोणते चॅनेल, कोणत्या क्रमाने) म्हणून फक्त ६ हा आकडा मिळत होता. इकडेही सहा, तिकडेही सहा, त्यामुळे एरर यायचं कारणच नव्हतं.

आकड्यालाच लेआउट समजणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. सहा चॅनेल म्हणजे ५.१ असेल, सबवूफर नसलेला ६.० असेल, किंवा सहा माइकचं सुटं रेकॉर्डिंगही असेल. चार म्हणजे क्वाड (चार कोपऱ्यांत चार स्पीकर), ३.१ किंवा पहिल्या ऑर्डरचं अँबिसॉनिक्स (स्पीकरऐवजी दिशांनुसार आवाज साठवायची पद्धत; ऑर्डर म्हणजे तिच्या बारकाईची पायरी). अगदी दोन चॅनेलसुद्धा दरवेळी स्टिरिओ नसतात, कधी डावीकडे एक भाषा आणि उजवीकडे दुसरी असते. म्हणून लेआउटला स्वतःचा टाइप द्या आणि चॅनेल किती हे त्यालाच विचारा. संख्या एका व्हेरिएबलमध्ये आणि लेआउट दुसऱ्यात ठेवलात, तर कधी ना कधी कोणीतरी एकच बदलेल आणि दुसरा तसाच राहील.

‘माहीत नाही’ला जागा न ठेवणं

वेव्हच्या विस्तारित हेडरमध्ये चॅनेल मास्क (ज्यातला एकेक बिट एकेका स्पीकरचा असतो असा आकडा) शून्य असू शकतो. कोणता चॅनेल कोणत्या स्पीकरचा हे सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ लायब्रऱ्या हा शून्य दिसला की गुपचूप ‘सहा आहेत ना, मग ५.१’ असं भरून टाकतात. एकदा भरलं की फाइलने सांगितलेलं कोणतं आणि आपण ठरवलेलं कोणतं, हे पुढे कोणालाच कळत नाही. माझ्या मते लेआउटच्या एपीआयमधली ही सगळ्यात महागात पडणारी सोय आहे. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ लायब्ररीच्या नव्या रचनेत ‘अनिर्दिष्ट’ हा वेगळा प्रकारच आहे, आणि ते योग्य आहे. अंदाज करावा लागतो, मान्य. पण तो वेगळ्या फंक्शनने करा, त्याच्या नावातच ‘अंदाज’ असू द्या आणि ते बोलवायचं की नाही हे वापरणाऱ्यावर सोडा.

सगळा भार बिटमास्कवर टाकणं

बिटमास्कचा मोह पडतोच. एकच पूर्णांक, कॉपी फुकट, तुलना एका चिन्हात. पण कोणते स्पीकर आहेत एवढंच तो सांगतो, क्रम बिटांच्या क्रमानेच ठरलेला. एकच स्पीकर दोनदा लिहिता येत नाही. वेव्हच्या मास्कमध्ये १८ जागा ठरलेल्या आहेत, तर २२.२ या मोठ्या लेआउटला २४ चॅनेल लागतात आणि त्यात एलएफईच दोन. अँबिसॉनिक्समध्ये तर चॅनेल म्हणजे स्पीकर नव्हेच.

एफएफएमपेगने मास्कवर बरीच वर्षं काढली. २०२२ मध्ये ५.१ आवृत्तीत (योगायोगाने आकडाही तोच) लेआउटसाठी वेगळा स्ट्रक्ट आला आणि जुना एपीआय २०२४ च्या ७.० मध्ये काढला गेला. मधल्या काळात तो वापरणाऱ्या प्रत्येकाला आपला कोड बदलावा लागला. नव्या रचनेचीही किंमत आहे: सानुकूल लेआउटची यादी वेगळ्या मेमरीत राहते, त्यामुळे स्ट्रक्ट सरळ बरोबरच्या चिन्हाने कॉपी केला की दोन प्रती एकाच यादीकडे बोट दाखवतात आणि ती दोनदा मोकळी होते. कॉपीचं फंक्शन दिलंय ते वापरा. स्वतः एपीआय लिहीत असाल आणि भाषा परवानगी देत असेल, तर ही सरळ कॉपी मुळात करताच येणार नाही असं बघा.

तुलनेचं एकच फंक्शन

मागच्या स्पीकरवाल्या ५.१ चा मास्क ६३, बाजूच्या स्पीकरवाल्याचा १५५१. काटेकोर तुलनेत दोन्ही वेगळे, आणि ७.१ कडे जाताना हा फरक खरंच लागतो, कारण तिथे मागचे आणि बाजूचे दोन्ही असतात. पण सहा स्पीकरवर नुसतं वाजवायचं असताना या फरकापायी मिक्सर मध्ये आला, तर आवाजाची पातळी विनाकारण बदलू शकते. ‘तंतोतंत तेच आहे का’, ‘स्पीकर तेच पण क्रम वेगळा का’ आणि ‘मिक्स न करता वाजवता येईल का’ हे तीन प्रश्न आहेत, त्यांना तीन फंक्शनं द्या. निकालही होय-नाहीच ठेवा. एफएफएमपेगचं तुलनेचं फंक्शन सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ आणि चूक झाली तर ऋण संख्या देतं. घाईत लिहिलेली अट इथे हमखास उलटी पडते.

अँबिसॉनिक्सची फक्त ऑर्डर साठवणं

पहिल्या ऑर्डरला ४ चॅनेल, दुसरीला ९, तिसरीला १६. क्रम मात्र दोन चालतात: एसीएनमध्ये डब्ल्यू, वाय, झेड, एक्स, तर जुन्या फ्युमामध्ये डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. डब्ल्यू म्हणजे सगळ्या दिशांचा एकत्र आवाज, एक्स म्हणजे पुढची दिशा, वाय डावीकडची, झेड वरची. एसीएनची फाइल फ्युमा समजून वाचली, की समोरचा माणूस डोक्यावरून बोलायला लागतो. क्रमाबरोबर नॉर्मलायझेशनही (चॅनेलच्या पातळ्यांचं आपसातलं प्रमाण) टाइपमध्ये हवं. शिवाय या चार चॅनेलना कधी दोन स्टिरिओ चॅनेल जोडलेले असतात, म्हणजे बेरीज पुन्हा सहाच.

चाचणीत सगळीकडे एकच सूर

सगळ्या चॅनेलमध्ये ४४० हर्ट्झ भरून केलेली चाचणी क्रम पूर्ण बिघडला तरी पास होते. डाव्यात ३००, उजव्यात ४००, मध्यात ५००, असा प्रत्येकाला आपला सूर द्या, आणि एलएफईला ५० हर्ट्झ, कारण वरचे सूर वाटेतला फिल्टर कापू शकतो. मग फाइल वाचण्यापासून साउंडकार्डला देण्यापर्यंतच्या सगळ्या वाटेने ती पाठवा आणि बाहेर आलेल्या प्रत्येक चॅनेलची वारंवारता मोजा. माझ्या त्या बिघाडात पहिल्याच चॅनेलवर ३०० ऐवजी ५०० दिसलं असतं.